कोंबडीची तहान आणि औषधाची पुडी

आषाढ लागला की तालुक्याच्या पशुखाद्याच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. “पिल्लं पंख पाडून बसलीत, हगवण लागलीय.” दुकानदार फळीवरून दोन पुड्या काढतो. “पाण्यातनं द्या.” किती? “एक चमचा.” किती पाण्यात? “भांडंभर.” गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. पुढे काही पिल्ले वाचतात, काही मरतात. वाचली ती औषधाने की आपसूक आणि मेली ती रोगाने की औषधाने, हे कोणालाच सांगता येत नाही. कोणी विचारतही नाही.

या संवादात दोन मापे आहेत, चमचा आणि भांडे. दोन्ही कुचकामी. आणि ज्या तिसऱ्या मापावर सगळे अवलंबून, त्याचा उल्लेखच नाही: कोंबडी दिवसाला पाणी किती पिते?

पाण्यातून औषध देण्याची रीत मोठ्या शेडमध्ये रुळली. पाच हजार ब्रॉयलर एकेक पकडून त्यांच्या चोचीत औषध घालणे कोणाच्या बापाला जमणार नाही. दाण्यातून द्यावे तर आजारी पक्षी दाणा आधी सोडतो. पाणी मात्र तो त्यानंतरही बराच वेळ पीत राहतो. म्हणून पाणी. शेडमध्ये टाकी असते, पाण्याचा मीटर असतो, औषध ठरल्या प्रमाणात सोडणारा डोसर असतो. कालच्या खपावरून उद्याचा अंदाज बांधता येतो. बाजारातल्या पुड्या आणि त्यांच्यावरच्या सूचना याच हिशोबाने छापलेल्या असतात. परसात बारा कोंबड्या, एक कोंबडा आणि खुडूक कोंबडीखाली निघालेली आठ-दहा पिल्ले. तिथे रीत पोहोचली, तिच्यामागची व्यवस्था मात्र पोहोचली नाही.

तेव्हा आधी तहान पाहू. वीस-बावीस अंश तापमानात कोंबडी जेवढा दाणा खाते, त्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते. अंड्यावर असलेल्या मध्यम आकाराच्या कोंबडीला दिवसाला २०० ते २५० मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात हा हिशोब मोडतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या वाफेवाटे अंगातली उष्णता बाहेर टाकते. ते गेलेले पाणी भरून काढावेच लागते. पारा पस्तीसच्या पुढे गेला की तिचे पिणे दुप्पट होते, कधी त्याहूनही जास्त, आणि खाणे मात्र घटते.

म्हणजे लिटरमागे औषध तेवढेच घातले तरी विदर्भातल्या मे महिन्यात ते कोंबडीच्या पोटात दुपटीने जाते आणि कोकणातल्या झडीच्या आठवड्यात फारच कमी. ज्या औषधाला वरखाली चालते, तिथे याने फारसे बिघडत नाही. सल्फा गटातल्या औषधांना ते चालत नाही. सल्फाक्विनॉक्झॅलिनसारखे औषध उन्हाळ्यात ठरल्या प्रमाणात दिले, तरी तहानेपोटी जास्त जाऊन शरीरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्ती हगवणीसाठी दिलेल्या औषधाने रक्तच वाहू लागले, तर मालक घाबरून मात्रा आणखी वाढवणार. ही भीती उगाच घातलेली नाही. सल्फाच्या विषबाधेची लक्षणे परसात रोगाचीच वाटतात.

आणखी दोन गोष्टी. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. संध्याकाळी कालवलेले औषध रात्रभर नुसते पडून राहते आणि सकाळपर्यंत त्यातली ताकद उतरलेली असू शकते. औषधाचे पाणी पहाटे, डालगे उघडण्याआधी तयार हवे आणि दुसऱ्या दिवशी नवे करायला हवे. दुसरी गोष्ट चवीची. कडू औषध खपावे म्हणून पाण्यात गूळ घालण्याची युक्ती पुष्कळ घरांत करतात. कोंबडीला गोडी कळतच नाही, कारण गोड चव ओळखणारा ग्राहक घडवण्यासाठी लागणारे एक जनुक तिच्याकडे नाही. कडू मात्र तिला चांगले कळते. गुळाने अशक्त पिल्लाला थोडी ऊर्जा मिळते, एवढेच. कडवटपणा झाकायला तो निरुपयोगी आहे आणि गुळाच्या पाण्यात दुपारपर्यंत जंतू वाढतात ते वेगळेच.

आता दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाकडे वळू. तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले, पावसाळा, पायाखाली भुशाची ओली गादी, विष्ठेत रक्त. हे वर्णन बहुतेक वेळा रक्ती हगवणीचे, म्हणजे कॉक्सिडिओसिसचे असते. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी तिच्यामागे असतो. त्याच्या अनेक जाती कोंबडीत राहतात. त्यातली टेनेला ही जात आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्यांत घर करते आणि त्या रक्ताने भरून टाकते. मेलेले पिल्लू दवाखान्यात नेऊन उघडून पाहिले तर त्या दोन गडद, फुगलेल्या पिशव्या पाहून निदान बरेचसे तिथेच होते. विष्ठेत बाहेर पडणारी या जिवाची सूक्ष्म रूपे कवचबंद असतात. फिनेलला ती दाद देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग लावण्याजोगी होतात. गादी कोरडी असेल तर त्यांचे फारसे चालत नाही. म्हणूनच हा रोग पावसाळ्याचा, आणि पाण्याचे भांडे जिथे लवंडते त्या कोपऱ्याचाही.

पिल्लाच्या पोटात गेल्यावर परजीवी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत झपाट्याने वाढतो. चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त दिसते. अँप्रोलियम हे औषध मारा करते तो मुख्यतः त्याआधीच्या, पहिल्या वाढीवर. रक्त दिसले तेव्हा त्या पिल्लाच्या आतड्याचे नुकसान होऊन गेलेले असते. मग औषध कोणासाठी? त्याच्या शेजारी उभ्या, धडधाकट दिसणाऱ्या भावंडांसाठी. त्यांनीही तीच माती टोचलेली असते, पण त्यांच्यात रोग अजून सुरुवातीला असतो आणि ती नेहमीसारखी पाणी पीत असतात. पाण्यातले औषध हे खरे तर अजून न पडलेल्यांचे औषध आहे. पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे असलेले पिल्लू भांड्यापर्यंत जातच नाही. त्याला वेगळे काढून, उबेला ठेवून, सुई काढलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडावे लागते आणि तेही त्याला गिळता येईल इतक्या सावकाश. घाईने घशात पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जाते, कारण तिचे तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडते.

अँप्रोलियम बाजारात आले १९६० च्या सुमारास. त्याची रचना बी-१ जीवनसत्त्वासारखी, म्हणजे थायमिनसारखी. झपाट्याने वाढणाऱ्या परजीवीला थायमिन लागते. हे तोतया रेणू त्याची आत घेण्याची वाटच अडवून बसतात. कोंबडीच्या पेशीही अडतात, पण परजीवीच्या मानाने फारच कमी. औषधाची सुरक्षितता याच फरकात आहे. आता दुकानदाराची दुसरी पुडी किंवा बाटली आठवा, ‘ताकदीचे टॉनिक’. त्यात बी-कॉम्प्लेक्स असते, आणि बी-कॉम्प्लेक्समध्ये थायमिन. एकाच भांड्यात दोन्ही घातले की एका हाताने वाट अडवायची आणि दुसऱ्या हाताने उपाशी परजीवीला जेवण वाढायचे, असा प्रकार होतो. टॉनिक द्यायचेच तर अँप्रोलियमचे दिवस संपल्यावर द्यावे. दुकानदाराला हे माहीत नसते असे नाही. पण दोन पुड्या खपत असताना एक काढून घेणे कोणाला जमते?

मात्रेचा हिशोब एकदा नीट मांडला की कायमचा कळतो. आपल्याकडे ही पावडर बहुधा २० टक्के ताकदीची मिळते. रोग जोरात असेल तर पाण्यात ०.०२४ टक्के औषध तीन ते पाच दिवस देण्याचा प्रघात आहे. ०.०२४ टक्के म्हणजे लिटरला २४० मिलिग्रॅम औषध. पावडरीत औषध एक-पंचमांश, म्हणून लिटरला पावडर १.२ ग्रॅम. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे याच्या चौथाईने, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. पुडीवरची ताकद वेगळी असेल तर आकडे बदलतील, आणि पशुवैद्याने वेगळे सांगितले असेल तर त्याचे ऐकायचे. शंभर ग्रॅमची पुडी पहिल्या प्रमाणात ८३ लिटर पाण्याला पुरते. बारा कोंबड्या दिवसाला अडीच-तीन लिटर पितात. ‘एक चमचा भांडंभर’ किती वाकडे जाऊ शकते, हे इथे दिसते. घरातला चमचा कधी तीन ग्रॅम घेतो, कधी सहा. पावडर दाबून भरली की सैल, यावरही ते ठरते.

एक-दीड ग्रॅम मोजायला सोनाराकडे असतो तसा छोटा काटा लागतो. हल्ली तो बाजारात स्वस्तात मिळतो. तोही नसेल तर मेडिकलवाल्याकडून बारा ग्रॅम पावडर मोजून घ्यावी आणि ती एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी. या घट्ट पाण्यातले १०० मिलिलिटर घेऊन त्यात साधे पाणी घालत एक लिटर करावे, की १.२ ग्रॅमचे प्रमाण बरोबर साधते. पाणी मोजायला औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण पुरते. घट्ट पाणी रोज ताजे करायचे, म्हणून गरजेनुसार निम्मे केले तरी हरकत नाही.

पण लिटरचे प्रमाण साधले, तरी प्रत्येक पक्षी किती पितो हे कळल्याशिवाय काम अर्धेच. त्यासाठी औषध सुरू करण्याआधी एक दिवस साधे पाणी मोजून ठेवावे आणि संध्याकाळी उरलेले मोजावे. बाजूला, कोंबड्यांना पोहोचणार नाही अशा जागी तसेच दुसरे भांडे ठेवले की उन्हाने किती आटले तेही समजते. पक्ष्यांची संख्या माहीत असतेच, भागाकार सोपा. त्या दिवशी पिणे नेहमीपेक्षा बरेच कमी भरले, तर रोग वाटतो त्यापेक्षा पुढे गेलेला आहे.

परसातली खरी अडचण मात्र भागाकाराच्या बाहेर आहे. मोकळी कोंबडी आपण ठेवलेल्या भांड्यातूनच पाणी पिते, हा गैरसमज. ती मोरीच्या तोंडाशी पिते, भांडी घासायच्या दगडाजवळ पिते, नारळाच्या आळ्यात आणि बैलाच्या खुराच्या खड्ड्यातही पिते. पावसाळ्यात तर सारे अंगण तिच्यासाठी पाणवठा असतो. औषधाचे पाणी जरा कडवट लागले की ती खुशाल वळणावरच्या डबक्याकडे जाते. औषधाचे दिवस कोंबड्या डालून ठेवणे किंवा जाळीच्या खुराड्यात कोंडणे, याला पर्याय नाही. मालकाला ते क्रूर वाटते, शेजाऱ्याला गमतीचे. पण मोकळ्या कोंबड्यांना पाण्यातून औषध दिले असे म्हणणाऱ्या माणसाने औषध दिलेले नसते, नुसते ठेवलेले असते.

पाण्याचेही स्वतःचे काही म्हणणे असते. मराठवाड्यातल्या अनेक बोअरवेलचे पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम भरपूर. टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिके कॅल्शियमला चिकटून बसतात आणि मग आतड्यातून रक्तात फारशी जात नाहीत. अंड्यावरच्या कोंबडीला चुन्याचे किंवा शिंपल्यांचे खाद्य चालू असेल तर तीच गत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यापेक्षा प्लॅस्टिकचे किंवा मातीचे भांडे बरे. हळद पाण्यात विरघळत नाही; तळाशी बसते, कोंबडी वरचे पाणी पिते. अल्बेंडाझोलचे द्रवही तसेच खाली बसते, म्हणून जंतांसाठी ते पाण्यात मिसळण्यापेक्षा थोड्या दाण्यात किंवा थेट चोचीत दिलेले चांगले. पिपराझिन मात्र विरघळते. आणि गुलाबी पाणी! पोटॅशियम परमँगनेटचे चार कण टाकले की पाण्याला सुंदर रंग येतो आणि औषध दिल्याचे समाधान मिळते. भांड्यातले जंतू त्याने कमी होतात हे खरे. पोटातला रोग त्याने जात नाही, आणि त्याच पाण्यात दुसरे औषध घातले तर परमँगनेट त्याचीच मोडतोड करू शकते.

रोगच विषाणूचा असेल तर हे सारे गणित व्यर्थ. देवी आल्या की तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. डास हा रोग पसरवतात, बहुतेक पक्षी आपोआप बरे होतात. मानमोडीचे तसे नाही. हिरवी पातळ हगवण, धाप, लुळे पडलेले पाय, वाकडी झालेली मान आणि चार दिवसांत रिकामे खुराडे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुमाऊंमधल्या रानीखेतला हा रोग नोंदला गेला आणि भारतात त्याला तेच नाव पडले. जगात तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या नावाने ओळखला जातो. त्यावर औषध नाही. पाण्यातून दिलेले अँटिबायोटिक विषाणूला शिवतही नाही. मागाहून घुसणाऱ्या जिवाणूंना काही वेळा रोखते, इतकेच. आणि एकाच रात्रीत पाच-सहा कोंबड्या मेल्या तर पुडीच्या मागे न लागता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तेव्हाही सुरुवातीला ही रानीखेतचीच मर असावी, असे अनेकांना वाटले होते. डोळ्यांना दोन्ही रोग सारखेच दिसतात. प्रयोगशाळेशिवाय फरक कळत नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडे तिखट बोलायला हवे. सर्दी, तोंडाला सूज, नाकाला दुर्गंधी ही लक्षणे कोरायझाची. घरघर आणि आठवडेच्या आठवडे चालणारा खोकला मायकोप्लाझ्माचा. हे जिवाणूंचे रोग आहेत, त्यांना योग्य अँटिबायोटिक लागते आणि ते कोणते हे पशुवैद्य ठरवतो. पण दुकानातून मिळेल ती पावडर दोन दिवस द्यायची, पक्षी दाणा टिपू लागला की थांबवायची, पुढच्या महिन्यात पुन्हा. अर्धवट मात्रा, अर्धवट दिवस. जिवाणूंना औषध पचवायची सवय लावण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. कॉलिस्टिन हे माणसांसाठी राखीव म्हणावे असे शेवटच्या फळीतले औषध. ते निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कॉलिस्टिन वापरायला बंदी घातली. जुना माल कोणाच्या फळीवर दिसला तर तो घेऊ नये. अमेरिकेने पोल्ट्रीत एन्रोफ्लॉक्सॅसिन २००५ मध्येच बंद केले. बारा कोंबड्यांनी काय होणार, हा युक्तिवाद मला पटत नाही. परसातल्या कोंबडीचा आणि माणसाचा ओटा, अंगण, हात एकच असतात. शेडमधल्या पक्ष्यापेक्षा ती घराच्या जास्त जवळ राहते.

अंड्यांचे पथ्यही इथलेच. बलक एका रात्रीत बनत नाही. अंडे घालण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत तो थरावर थर चढत वाढतो, आणि त्या दिवसांत रक्तात असलेले औषध त्या थरांत जाऊन बसते. म्हणून औषध बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी घातलेल्या अंड्यातही ते असू शकते. प्रत्येक औषधाचा थांबायचा काळ वेगळा आणि तो वेष्टनावर छापलेला असतो. अंड्यावरच्या कोंबडीला देऊ नये, असेही काहींवर स्पष्ट लिहिलेले असते. गावठी अंडी दुप्पट भावाने विकणाऱ्याने ते वाचायलाच हवे. गिऱ्हाईक ती शुद्ध म्हणून घेते.

आतापर्यंत पाण्याची कागाळीच जास्त झाली. एक काम मात्र पाणी फार चांगले करते, ते म्हणजे लसीकरण. रानीखेतची लासोटा लस जिवंत, सौम्य विषाणूची असते आणि ती पिण्याच्या पाण्यातून देता येते. पुण्यात औंधला राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची पशुजैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. तिथे तयार होणाऱ्या लसी सरकारी दवाखान्यांतून मिळतात. लस बर्फात आणायची. आदल्या दिवसापासून भांड्यात कुठलेही औषध नको, जंतुनाशक नको, परमँगनेट तर नकोच. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडरीतला क्लोरीन असणार आणि तो जिवंत लस मारतो. विहिरीचे स्वच्छ पाणी किंवा रात्रभर उघडे ठेवून वास उडालेले पाणी घ्यावे. त्यात लिटरमागे पाचेक ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर कालवली की उरलासुरला क्लोरीन निकामी होतो. सकाळी कोंबड्यांना तास-दोन तास तहानेल्या ठेवायचे, मग सावलीत पाणी मांडायचे. दोन तासांत ते संपले पाहिजे, म्हणून पाणी थोडेच घ्यायचे. इथे तहानच कामाला लावलेली असते.

अडचण एकच. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा फोडली की संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. बारा कोंबड्यांचा मालक एकटा ती कशाला आणील? जिथे वाडीतल्या सगळ्या घरांनी एक वार ठरवून घेतला, बर्फाचा डबा एकाने आणला, दुधाची पावडर दुसऱ्याने, आणि आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या डालून ठेवल्या, तिथे सकाळी आठपर्यंत काम उरकते. एखादे घर राहिले तर पुढच्या बाजारातून आणलेली कोंबडी रोग आधी त्याच घरात उतरवते.